मेदिचींच्या बागेतला दुसरा कुत्रा

मित्रांनो, मला पाहून तुम्ही म्हणाल, हा दगडी कुत्रा चार-पाचशे वर्षांचा तरी असेल. तसे तुम्हाला वाटावे म्हणूनच मला घडवले. माझ्या पाठीवरची झीज छिन्नीने केलेली आहे. माझ्या पायांमधले शेवाळ दह्याचा आणि शेणाचा लेप देऊन वाढवलेले आहे. माझा डावा कान तुटका आहे, पण तो कधी तुटला नाही. तो तुटकाच घडवला. मी नक्कल आहे. हे आधीच सांगून टाकतो. आजवर ते दुसऱ्यांनीच माझ्याबद्दल सांगितले, आणि चांगल्या तोंडाने कोणी सांगितले नाही.

फ्लॉरेन्समध्ये अर्नो नदीच्या पलीकडे, चढावर, मेदिचींची एक बाग आहे. तिच्या वरच्या फाटकाशी माझी जागा होती. मेदिची हे या शहराचे एके काळचे धनी. सावकारीतून वर आले, सत्तेवर बसले, आणि शहरभर महाल, चर्च, बागा उठवून गेले. इथे चौकात उभे राहून कुठेही बोट दाखवा, ते मेदिचींनी बांधलेले निघते. निदान सांगतात तरी तसे. मी इतकी वर्षे ऐकतो आहे. मेदिचींच्या हातांना घट्टे पडले होते, असे मात्र मी कोणाच्या तोंडून ऐकलेले नाही.

माझ्या जागी आधी खरा कुत्रा होता. राखी दगडाचा, शिकारी जातीचा, पुढचे पाय सरळ, आणि मान थोडी वळलेली, जणू मागून कोणी हाक मारली आहे. तो कोणी घडवून घेतला हे सगळ्यांना पाठ आहे. कोणी घडवला हे कोणालाच ठाऊक नाही. एका हिवाळ्यात बर्फाने त्याच्या पोटाला तडा गेला. अर्नोच्या १९६६ सालच्या मोठ्या पुरानंतरची ती वर्षे होती. सगळे शहर आपल्या वस्तू पुसत, सांधत बसले होते. तेव्हा ठरले की खऱ्याला आत, बागेच्या संग्रहालयाच्या दालनात न्यायचे आणि पावसात बसायला दुसरा करायचा. तो दुसरा म्हणजे मी.

मला फिएसोलेच्या टेकडीतल्या खाणीतून काढले आणि नदीकाठच्या एका गल्लीतल्या कारखान्यात आणून टाकले. कारखाना कोराडो नावाच्या मालकाचा होता. हा मालक छिन्नीला कधी हात लावत नसे, पण पाहुणे येणार असले की शर्टाच्या बाह्या वर सारून ठेवी. मला घडवले ते नेदोने. नेदो लास्त्रुच्ची. बुटका, रुंद खांद्यांचा, टेकडीवरच्या पाथरवटांच्या घरातला माणूस. त्याचा बाप पाथरवट, आजा पाथरवट. खरा कुत्रा माझ्या शेजारीच आणून ठेवला होता. तीन पायांच्या लाकडी सांगाड्याला एक लांब सुई बसवलेली असे. नेदो ती सुई खऱ्याच्या अंगाला टेकवी, माप धरी, आणि मग तीच सुई माझ्याकडे आणून तेवढाच दगड काढी. खऱ्याला तो काका म्हणे.

"काका, हलू नका," असे म्हणून तो सुई लावायचा. स्वतःशीच बोलायचा तो. बाकी कारागिरांना मोठी कामे दिलेली होती.

राखी दगड कोरडाच घडवावा लागत होता. पाणी मारले की तो काळा पडतो आणि आखलेल्या रेघा दिसेनाशा होतात. त्यामुळे धूळ इतकी उडे की समोरचा काका मला दिसत नसे. कारखान्याची दोन्ही दारे बंद असत. गल्लीतल्या बायकांनी मालकाकडे तक्रार केली होती की वाळत घातलेल्या चादरी धुळीने खराब होतात. मालकाने दारे लावून घेतली आणि बायका गप्प झाल्या.

दुपारी नेदोची बायको आर्जिया डबा घेऊन येई. तिच्या जिभेला धार होती.

"दार उघड, नेदो. आत माणूस आहे की पिठाची गिरणी?"

"मालकानं बंद ठेवायला सांगितलंय. बायकांच्या चादरी खराब होतात."

"चादरी जपा, माझ्या नवऱ्याची छाती गेली खड्ड्यात. छान न्याय आहे."

"थंडीचा खोकला आहे गं."

"हो, आणि मी पोपची आत्या आहे."

ती हातातल्या फडक्याने त्याचे तोंड पुसे. फडके राखी होई. मग दोघे माझ्या पाठीला टेकून मीठ-तेल लावलेला चपटा पाव खात. त्यांची मुलगी ऑर्नेला शाळा सुटली की तिथेच येई. माझी पाठ तेवढी तयार झाली होती, तोंड अजून दगडातच होते. ती खुशाल माझ्यावर मांडी घालून बसे.

"बाब्बो, याचं नाव काय?" तिने एकदा विचारले. आमच्याकडे मुले बापाला बाब्बो म्हणतात.

"नाव असलंच तर त्या काकांचं असेल. याला कोण नाव देतंय?"

"मग मी देते. फूमो."

फूमो म्हणजे धूर. मला ते नाव आवडले. दुसऱ्या कोणी मला नावाने हाक मारलेली नाही.

सर्वांत जास्त वेळ लागला तो कानाला. काकाचा कान कुठल्या तरी शतकात तुटला होता, आणि नक्कल म्हणजे नक्कल. ऑर्नेला कंटाळून गेली होती.

"सरळ नवा कान कर ना, बाब्बो."

"काकांचा तुटका आहे."

"ते पडले असतील कधी. फूमो कुठं पडलाय?"

नेदो हसला, खोकला, पुन्हा हसला. "तीच तर गंमत आहे, बाळ. न पडता पडल्यासारखं दिसायचंय याला."

छिन्नीचा एकही ठोका दिसता कामा नये, दगड आपोआप फुटला असे वाटले पाहिजे, यासाठी तो कान त्याने किती वेळा मोजला, किती वेळा फुंकर मारून पाहिला. प्रत्येक फुंकरीला धूळ उडे, आणि श्वास घेताना तीच आत जाई. मला तेव्हा त्याचे काही वाटले नाही. मला वाटे, माझे किती लाड चालले आहेत.

वसंतात मला फाटकाशी बसवले. त्या दिवशी बँड होता, तिरंगी फीत होती. काळे बूट घातलेली मंडळी एकामागून एक बोलायला उभी राहिली. त्यांनी मेदिचींचे आभार मानले, बागेच्या कार्यालयाचे मानले, पाऊस पडला नाही म्हणून देवाचेही मानले. कोराडो मालकाला पुढे बोलावले. त्याच्या बाह्या वर सारलेल्याच होत्या. "माझ्या कारखान्यानं आपलं कर्तव्य केलं," एवढे बोलून तो नम्रपणे खाली बसला. टाळ्या पडल्या. नेदो रविवारचा कोट घालून गर्दीच्या मागे, झाडाखाली उभा होता.

ऑर्नेला मोठ्याने म्हणाली, "बाब्बोचं नाव कधी घेणार?"

दोन-चार माना वळल्या. आर्जियाने तिचा हात दाबला, पण बोलायला तोंड तिनेही उघडलेच होते. नेदोने वाकून मुलीला सांगितले, "अगं, माझं नाव घेतलं तर ही नक्कल आहे हे सगळ्यांना कळेल ना. मग एवढ्या मेहनतीचा उपयोग काय?"

त्याने ते विनोदाने म्हटले. या शहरात माणसे दुखऱ्या जागेवर विनोद बांधतात. मग तो दोघींना घेऊन कोपऱ्यावरच्या गाड्यावर गरम वजडी-पाव खायला गेला.

त्यानंतर काही वर्षे माझी फार चांगली गेली. दर रविवारी नेदो ऑर्नेलाला शहर दाखवायला नेई आणि फिरत फिरत शेवटी चढ चढून माझ्याकडे येई. माझ्या चौथऱ्यावर बसून दिवसभराच्या गोष्टी पुन्हा चघळल्या जात. त्यामुळे मी इथून न हलता सारे शहर पाहिले आहे.

"मेदिचींच्या महालाचा खालचा दगड कसा होता?" तो विचारी.

"खडबडीत. हाताला खरचटलं."

"आणि वरचा?"

"गुळगुळीत."

"का बरं?"

"खाली उभ्या माणसानं दबकून राहावं म्हणून." तिला पाठ झाले होते.

मग सान लोरेन्झोचे चर्च. ते मेदिचींचे घरचे चर्च, त्यांची थडगीही तिथेच. आत आमच्याच टेकडीच्या राखी दगडाचे खांब आहेत, पण बाहेरचा दर्शनी भाग अजून उघड्या, ओबडधोबड दगडांचा. त्यावर संगमरवर चढवायचा होता तो कधी चढलाच नाही.

"पैसे संपले का त्यांचे, बाब्बो?"

"त्यांचे पैसे कधी संपतात होय? हौस संपली."

मग तो जुना पूल, आणि पुलावरून वरच्या वर गेलेला झाकलेला रस्ता. मेदिचींना एका महालातून दुसऱ्या महालात जाताना लोकांत मिसळावे लागू नये म्हणून तो बांधला. खाली खाटकांची दुकाने होती. वास येतो म्हणून त्यांना उठवले आणि सोनारांना बसवले.

"सोन्याला वास येत नाही का?" ऑर्नेला विचारी.

"येतो. सवय लागते," नेदो म्हणे. मग बापलेक हसत, आणि हसता हसता नेदोला खोकला येई.

खोकला आधी हसण्याच्या शेवटी यायचा. नंतर तो हसण्याच्या आधी येऊ लागला. चढावर नेदो थांबू लागला. "कोणीतरी हा चढ वाढवून ठेवलाय," असे म्हणून माझ्या चौथऱ्याला पाठ लावून तो बराच वेळ बसून राही. ऑर्नेला मोठी झाली होती. ती आता प्रश्न विचारत नसे. त्याच्या कोटाची बटणे लावून देई. डॉक्टरांनी सांगितले होते की दगडाची धूळ छातीत जाऊन बसली आहे आणि ती आता निघत नाही. टेकडीवरच्या पाथरवटांना हा रोग काही नवीन नव्हता. पण त्यांची खाण उघड्या आभाळाखाली असे. नेदोची धूळ बंद दारांमागची होती.

एका रविवारी कोणी आले नाही. पुढच्या रविवारी आर्जिया आणि ऑर्नेला आल्या, दोघी काळ्या कपड्यांत. तेव्हा मला कळले.

योगायोगाने त्याच दिवशी कोराडो मालक दोन परदेशी गिऱ्हाइकांना घेऊन बागेत आला होता. हातवारे करून तो माझी मान, माझे पाय त्यांना दाखवत होता. आर्जिया तिथेच उभी आहे हे त्याने उशिरा पाहिले. त्याने टोपी काढली.

"फार वाईट झालं, आर्जिया. आमचा सोन्यासारखा माणूस गेला."

"मालक, एक काम करा," ती म्हणाली. "इथं खाली एक पाटी लावा. हातभर नको, दोन बोटांची पुरे. नेदो लास्त्रुच्चीनं घडवला, एवढंच लिहा."

मालक चुळबुळला. "अगं, खरा कुत्रा कोणी केला त्याचं सुद्धा नाव नाही कुठं. नकलेवर नाव घातलं तर लोक हसतील."

"हसू देत की. तो खोकून खोकून गेला तेव्हा रडायला कोणी आलं नाही. हसायला तरी येतील."

"कारखान्याचं काम कारखान्याचं असतं, आर्जिया. त्यात एकाचं नाव कसं घालणार?"

"धूळ मात्र एकाच्याच छातीत घालता आली."

गिऱ्हाइकांना भाषा कळत नव्हती. त्यांनी हसून मान डोलावली. कोराडोने टोपी डोक्यावर ठेवली, त्यांच्या भाषेत काहीतरी बोलला, आणि तिघेही कारंज्याकडे चालू लागले.

आर्जिया माझ्याकडे वळली. तिचे डोळे कोरडे होते. "खाल्लास तू माझा माणूस," ती म्हणाली, "आणि बघ कसा बसलायस." ऑर्नेलाने तिला धरून नेले. जाताना ऑर्नेलाने मागे वळून पाहिले, पण फूमो म्हणून हाक मारली नाही.

मित्रांनो, मी दगड आहे. दगडाला रडू येत नाही, ही त्याची मोठी सोय समजली जाते. पण मला उत्तर द्यायचे होते. मला सांगायचे होते की मी मागितले नव्हते. मला एक कान कमी चालला असता, मला ओबडधोबड सोडले असते तरी चालले असते.

पुढची काही वर्षे माझ्याकडे ओळखीचे कोणी आले नाही. मग एके दिवशी खालून माणसांचा एक घोळका चढत आला. पुढे हातात पिवळी काठी उंच धरलेली एक बाई होती. ती ऑर्नेला होती. तिने परीक्षा दिली होती, बिल्ला मिळवला होता, आणि ती आता मेदिचींचे शहर दाखवणारी गाइड झाली होती. दुसरे काय होणार होती? शहराचा दगडन् दगड तिला लहानपणीच पाठ होता. सकाळी महाल, मग सान लोरेन्झो, मग पूल, आणि शेवटी ही बाग. बापाबरोबरची रविवारची वाट ती आता रोज चालत होती.

पण शब्द ते नव्हते. मेदिचींनी हे बांधले, मेदिचींनी ते उभारले, मेदिचींना कलेची जाण होती, असे ती गोड आवाजात सांगे. खाटकांची गोष्ट सांगे, पण सोन्याच्या वासाची सांगत नसे. लोकांना तसेच ऐकायचे असते, आणि तिला घर चालवायचे होते. मी तिला दोष देत नाही. पण मी वाट पाहत होतो की आता ती माझ्यापाशी थांबेल.

ती थांबली नाही. घोळक्यातल्या कोणीतरी मला बोट दाखवून विचारले, "हा कुत्रा कधीचा?"

"नक्कल आहे," ऑर्नेला म्हणाली. "खरा आत आहे. चला, पाय उचला, वेळ कमी आहे."

लोकांनी वर धरलेले कॅमेरे खाली केले. एक बाई तर चिडलीच, जणू मी तिला फसवले होते. हे रोज होऊ लागले. ऊन असो, धुके असो, ऑर्नेला फाटकाशी येई आणि माझ्याकडे न पाहता म्हणे, नक्कल आहे. तिच्या आवाजात राग नसे, आणि तेच मला जास्त लागे. रागावली असती तर मला वाटले असते की तिला आठवते आहे.

बाल्दो नावाचा दुसरा एक गाइड होता. गोल पोटाचा, हसरा, बोलण्यावर पोट भरणारा. त्याला लोक हसलेले लागत. एका उन्हाळ्यात त्याने स्वतःच्या डोक्यातून एक गोष्ट काढली. या कुत्र्याचा तुटका कान चोळला आणि मनात इच्छा धरली की मेदिचींचे नशीब लाभते, असे तो सांगू लागला. त्याच्या घोळक्याने माझा कान चोळला. दुसऱ्या दिवशी बाकीच्या गाइडांचे लोकही मागू लागले, आम्हालाही चोळायचा आहे. वर्षभरात रांगा लागू लागल्या. त्या काळात माझे फार कौतुक झाले. लहान मुले माझ्या गळ्याला मिठी मारत, नवरा-बायको माझ्याबरोबर फोटो काढत. इतके हात आयुष्यात कधी लागले नव्हते. आणि त्या प्रत्येक हाताने नेदोचा कान थोडा थोडा नेला.

ऑर्नेलाने ते एके दिवशी पाहिले. तिचे लोक पाणी प्यायला गेले होते. ती बाल्दोसमोर जाऊन उभी राहिली.

"बाल्दो, लोकांना कान चोळायला लावू नकोस."

"का गं? फुकट आहे. मजा येते त्यांना."

"झिजतोय तो."

"मग झिजू दे की. नक्कल तर आहे. तूच सांगत असतेस दिवसभर."

"मी काय सांगते ते सोड. तू हे बंद कर."

"अगं बाई, एवढं काय लागलंय तुला? तुझ्या बापाचा आहे का कुत्रा?"

"हो," ऑर्नेला म्हणाली.

बाल्दो आधी थबकला आणि मग पोट धरून हसला. त्याला वाटले, फ्लॉरेन्सची पोर आहे, टोमण्याला टोमणा परत करते आहे. "हे बरंय," तो म्हणाला. "तुझ्या बापाचा कुत्रा, आणि माझ्या बापाचा तो खालचा महाल." त्याने आपल्या लोकांनाही ते सांगितले. तेही हसले. ऑर्नेलाने दुसऱ्यांदा सांगितले नाही.

त्या संध्याकाळी बाग बंद होताना ती एकटी वर आली. कितीतरी वर्षांनी तिने माझ्या कानावर हात ठेवला. तिथे आता फुटलेला दगड नव्हता. साबणाच्या वडीसारखी गुळगुळीत गाठ होती. तिची बोटे त्यावर काहीतरी शोधत राहिली. "याला किती वेळ लागला होता, फूमो," एवढेच ती म्हणाली. माझे नाव तिला आठवत होते. मग फाटकाची घंटा झाली आणि ती गेली.

कौतुकाची किंमत मला लवकरच मोजावी लागली. बागेच्या कार्यालयातून एक अधिकारी बाई पाहणीला आली. तिच्याजवळ खऱ्या कुत्र्याचे फोटो होते. तिने ते माझ्या शेजारी धरले आणि मान हलवली. कान मूळ कुत्र्याशी जुळत नाही, ती म्हणाली. नक्कल जुळत नसेल तर तिचा उपयोग काय? आता साच्यातून हलका कुत्रा निघतो, तो झिजत नाही, दोन माणसांनी उचलता येतो. तो बसवू.

बागेचा माळी सेवेरो याने ही गोष्ट ऑर्नेलाला सांगितली असावी, कारण ती धापा टाकत वर आली.

"बाई, तुम्ही हा काढणार असाल तर मला द्या. माझ्या आईच्या परसात ठेवीन. नेण्याआणण्याचं मी बघते."

"देता येत नाही हो," अधिकारी बाई म्हणाली. ती वाईट नव्हती. तिला खरेच अडचण वाटत होती. "सरकारी मालमत्ता आहे."

"पण तुम्ही टाकूनच देणार ना?"

"टाकून देता येतं. कोणाला देता येत नाही."

"माझ्या वडिलांनी घडवलाय तो."

"हो का?" बाईने पुन्हा माझ्याकडे पाहिले, या वेळी जरा नीट. "आमच्याकडे तर कोराडोंच्या कारखान्याचं काम म्हणून माहिती आहे. मोठा कलावंत माणूस होता, म्हणतात."

एवढ्या वर्षांत ऑर्नेलाने स्वतःही ते कोणाला धड सांगितले नव्हते, आणि आता सांगायला गेले तर सारखे कोणीतरी आधीच काहीतरी सांगून ठेवलेले होते.

मला काढले तो दिवस स्वच्छ उन्हाचा होता. मजुरांनी माझ्या मानेखालून आणि पोटाखालून पट्टे घातले. नेमकी तेव्हाच ऑर्नेला आपला घोळका घेऊन फाटकाशी पोचली. माझ्या गळ्यातला पट्टा तिने पाहिला. तिने पिवळी काठी खाली घेतली आणि लोकांना थांबवले.

"हा कुत्रा नेदो लास्त्रुच्ची यांनी घडवला," ती म्हणाली. तो तिचा नेहमीचा गोड आवाज नव्हता. "ते माझे वडील. वरच्या टेकडीचा दगड आहे हा. कोराडो यांच्या कारखान्यात दारं बंद करून, कोरडा, पुरा एक हिवाळा ते हा घडवत होते. त्याची धूळ छातीत बसली आणि त्यातच ते गेले. आज सकाळपासून तुम्ही जे जे पाहिलंत, महाल, चर्च, पूल, ते कोणी बांधलं म्हणून मी तुम्हाला एकच नाव सांगितलं. ते बांधणारे नव्हते. बांधणारे दुसरे होते. त्यातला एक मला ठाऊक आहे, म्हणून सांगते."

मजुरांनी हात थांबवले. एका बाईने गॉगल काढला. मला वाटले, आता काहीतरी होईल. काय होईल ते मला ठाऊक नव्हते, पण एवढ्या वर्षांत प्रथमच माझ्यासमोर ते नाव लोकांना सांगितले गेले होते.

पुढे उभ्या असलेल्या एका सभ्य, पिकल्या केसांच्या गृहस्थांनी हात वर केला. त्यांनी फार आदराने विचारले, "आणि खरा कुठे आहे?"

ऑर्नेलाने काठी उचलली.

"आत," ती म्हणाली. "पहिल्या दालनात. त्याचं तिकीट वेगळं आहे."

लोक तिच्यामागून आत गेले. पट्टे ताणले गेले आणि मी उचलला गेलो.

आता मी बागेच्या मागच्या शेडमध्ये आहे. इथे फुटक्या कुंड्या आहेत, गंजलेले नळ आहेत, गवत कापायचे मोडके यंत्र आहे. माझ्या जागेवर साच्यातला कुत्रा बसला आहे. त्याचा कान हुबेहूब आहे. सेवेरो सांगतो की लोक तोही चोळतात, पण तो झिजत नाही.

परवा आर्जिया आली होती. आता ती फार म्हातारी झाली आहे, काठी टेकत चालते. सेवेरोने तिला दारात अडवले.

"आजी, इथं यायला परवानगी नाही."

"मी बघायला नाही आले. भांडायला आलेय. भांडायला कुठं परवानगी लागते?"

तो बाजूला झाला. ती एका पालथ्या कुंडीवर माझ्यासमोर बसली. भांडली मात्र नाही. बराच वेळ तिने माझ्या कानाकडे पाहिले. मग तिचा हात माझ्या जबड्याखाली गेला, गळ्याच्या घडीत, जिथे चोळणाऱ्यांचे हात कधी पोचले नव्हते. तिथे छिन्नीच्या बारीक रेघा अजून तशाच आहेत. तिची बोटे त्या रेघांवरून सावकाश फिरली.

"इथं आहे अजून," ती सेवेरोला म्हणाली. "हा त्याचा हात. सगळ्या छिन्न्यांतून मी ओळखला असता." आणि मग माझ्याकडे न पाहता, "तुला उगाच बोलले मी. तुला कुठले दात."

जाताना तिने सेवेरोला विचारले, याचे पुढे काय करणार. सेवेरोने मान खाली घातली. वरच्या फाटकाकडची वाट पावसाने उखडली आहे, तो म्हणाला. तिला खडी लागते आहे. आठवड्याभरात माणसे येतील.

मित्रांनो, माझ्या आयुष्याची गोष्ट एवढीच. मला वाचवा असे मी म्हणणार नाही. खडी होऊन मी त्याच वाटेवर पडेन, आणि लोक माझ्यावरून चालत खऱ्याला पाहायला जातील. तुम्हीही कधी आलात तर जा. तो सुंदर आहे. पण कोणत्याही भिंतीसमोर, खांबासमोर उभे राहाल तेव्हा नाव सांगणाऱ्याला एकदा तरी विचारा, की हे घडवणारे हात कोणाचे होते. बहुतेक वेळा उत्तर मिळणार नाही.

आणि ज्यांना मला फोडायला पाठवतील त्यांना कोणीतरी एवढे सांगा. फोडण्याआधी माझ्यावर बादलीभर पाणी ओता. नाकातोंडाला ओले फडके बांधा. घाई करू नका. माझी धूळ चांगली नाही.